दगडाला विरजण लावायचं म्हणजे काय

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याचा मालवणहून फोटो आला. तळहातावर मुठीएवढा पांढरा, भोकाभोकांचा दगड आणि खाली मजकूर: "मामा, हा लाइव्ह रॉक आहे ना? तुमच्या टाकीसाठी आणू का?" मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, "जिथून उचललास तिथंच ठेव, बाळा." तो म्हणाला, "का? मेलेलाच तर आहे." मग जिन्यातच उभं राहून वीस मिनिटं बोलत होतो, तरी नीट सांगून झालं नाही. जे राहिलं ते इथे लिहितो आहे.

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. आमच्या सांगलीत, मिरजेत, साताऱ्यात आता खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश पाहिला की पोरं हरखतात, आणि मग कुणीतरी सांगतं, "आधी लाइव्ह रॉक घ्या." दगड आणि जिवंत? इथेच गाडी अडते. दुसरीकडे समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडल्याच्या बातम्या येतच असतात. २०२४ मध्ये जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी मोठी लाट जाहीर झाली आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळही त्यात सापडले. टाकीतला दगड आणि ती बातमी यांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे, कारण हा दगड प्रवाळांनीच बांधलेला असतो.

दगड जिवंत कसा?

प्रवाळ हा इवलासा प्राणी. तो समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट घेतो आणि स्वतःभोवती घर बांधतो. हाच पदार्थ खडूत, चुनखडीत आणि शिंपल्यात असतो. प्राणी मेला तरी घर उरतं. लाटांनी त्याचे तुकडे पडतात, ते वर्षानुवर्षं तळाशी राहतात आणि त्यांच्या भोकांत जिवाणू, शेवाळं, स्पंज, किडे राहायला येतात. अशा तुकड्याला लाइव्ह रॉक म्हणतात. आपण एखादं घर नांदतं आहे म्हणतो तेव्हा भिंतींबद्दल बोलत नसतो. तसाच हा नांदता दगड.

मासे पाळणाऱ्यांना त्याचं महत्त्व १९६१ च्या सुमारास कळायला लागलं. जकार्तामधल्या ली चिन एंग यांनी मोठ्या फिल्टरशिवाय, केवळ समुद्रातला दगड आणि हवेचे बुडबुडे यांवर चालणारी टाकी कशी ठेवतात ते लिहून दाखवलं. पुढे युरोपात, विशेषतः बर्लिनमध्ये, ही पद्धत रुजली.

दही एका रात्रीत लागतं, टाकीला महिना का लागतो?

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. नदीत किंवा समुद्रात तो विरून जातो. शंभर लिटरच्या काचेत मात्र साठत जातो आणि कल्ले जाळतो. खाऱ्या पाण्यात हा धोका अधिक असतो. पीएच म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं की अल्कलीकडे याचं माप, सात म्हणजे मधोमध. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त.

निसर्गात याच्यावर तोड म्हणजे जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनिया खाऊन नायट्राइट सोडतात. तेही विषारीच. दुसरे नायट्राइट खाऊन नायट्रेट सोडतात, जे माशांना बरंचसं सोसतं. दोन्ही प्रकारच्या जिवाणूंना बसायला खरखरीत पृष्ठभाग लागतो, आणि भोकाभोकांच्या दगडात तो बाहेरून दिसतो त्याच्या कितीतरी पट असतो.

टाकीत ही वस्ती तयार करण्याला सायकलिंग म्हणतात. मला ते दूध विरजण्यासारखं वाटतं. चमचाभर दही घातलं की सकाळी सगळं दूध लागतं, कारण दह्याचे जिवाणू कोमट दुधात तासाभरात, कधी त्याहूनही लवकर, दुप्पट होतात. अमोनिया खाणारे जिवाणू असे भराभर वाढत नाहीत. त्यांना दुप्पट व्हायला निम्मा दिवस, दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. नायट्राइट खाणारे बहुधा त्यांच्याही मागे असतात. म्हणून टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, दुकानदार म्हणतो सोडा मासे, आणि आठवड्यात मासे मरतात. पाणी स्वच्छ दिसणं आणि पाणी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फिल्टर असताना दगड कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. फिल्टरच्या स्पंजवरही हेच जिवाणू बसतात आणि नायट्रेटपर्यंतचं काम करतात. पण पुढची पायरी त्यांना जमत नाही, आणि ती समजून घ्यायला सांगलीकरांना लांब जायला नको. हरिपूरची पेवं आठवा.

कृष्णाकाठी जमिनीत खोल खड्डे करून त्यात हळद साठवायची आणि तोंड लिंपून टाकायचं. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे, कारण आत श्वास घेण्याजोगी हवाच नसे. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली, पण आमच्या पिढीने ती पाहिली आहेत.

सच्छिद्र दगडाचा गाभा म्हणजे छोटंसं पेव. बाहेरच्या थरातले जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात, आत तो पोचतच नाही. तिथे वेगळे जिवाणू राहतात. त्यांना प्राणवायू लागतो, पण मिळत नाही, म्हणून ते नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात. उरतो नायट्रोजन वायू, जो पाण्यातून वर येऊन हवेत मिसळतो. आपल्या हवेत तो ७८ टक्के आहेच. माशाने खाल्लेल्या दाण्यातला नायट्रोजन अशा रीतीने टाकीच्या बाहेर पडतो. घट्ट, भोकं नसलेल्या दगडात हे पेव तयारच होत नाही. दगड कसा निवडायचा याचं उत्तर यातच आहे.

मग समुद्रातून आणला तर काय बिघडलं?

भाच्याचं म्हणणं होतं, मेलेला तुकडा उचलला तर कुणाचं काय गेलं. पहिली गोष्ट कायद्याची. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे हे सगळे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कायद्यापुरतं बोलायचं तर ज्या वर्गात वाघ, त्याच वर्गात प्रवाळ. मेलेला तुकडाही यातून सुटत नाही, जसं वाघाचं नख सुटत नाही. शिक्षा किमान ३ वर्षं, ७ वर्षांपर्यंत कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

"पण दुकानात मिळतो की." मिळतो, पण दुकानात असणं म्हणजे परवानगी असणं नव्हे. परदेशातून आलेला दगडही प्रवाळाचा असेल तर सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो आणि त्याला कागद लागतात. दुकानदाराकडे कागद मागा. तो टाळाटाळ करू लागला तर तो दगड घेऊ नका.

दुसरी गोष्ट मला कायद्याहून मोठी वाटते. गोलसर वाढणारे अनेक प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. मुठीएवढा तुकडा म्हणजे कैक वर्षांचं बांधकाम, आणि मेल्यावरही त्यात खेकड्यांची, माशांच्या पिल्लांची घरं असतात. अमेरिकेच्या फ्लोरिडात समुद्रातून असा दगड काढणं १९९० च्या दशकात बंद झालं. तेव्हा तिथल्या लोकांनी जमिनीवरच्या खाणीतला चुनखडीचा दगड समुद्रात नेमून दिलेल्या जागी सोडला आणि काही वर्षांनी तोच वर काढून विकला. म्हणजे मेलेला दगड पाण्यात नांदता करता येतो. जे त्यांनी समुद्रात केलं ते आपण पिंपात करू शकतो.

आपल्याकडचा कुठला दगड चालेल?

मी सुरुवातीला तीन दगड करून पाहिले.

पहिला अर्थातच काळा पाषाण. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत आपण सगळे त्याच्यावरच बसलो आहोत. हा ज्वालामुखीचा लाव्हा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पाण्यात तो सहसा काही सोडत नाही, म्हणून मासे मरणार नाहीत. पण तो जड आणि घट्ट. काही तुकड्यांत बुडबुड्यांची भोकं दिसतात, मात्र ती सुटी सुटी असतात, एकमेकींना जोडलेली नसतात. पाणी आतपर्यंत जात नाही, पेव होत नाही.

दुसरा जांभा, महाबळेश्वर आणि कासच्या पठारावरचा. पाहता क्षणी वाटतं, हाच तो. भोकं भरपूर, वजनाला बरा. पण जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमचा मुरलेला गंज. खाऱ्या पाण्यात आठवडाभर ठेवलेल्या तुकड्याने माझी बादली गढूळ तांबूस केली होती. पाण्यात लोह वाढलं की शेवाळाचं फावतं.

तिसरी शहाबादी फरशी. तीही चुनखडीच. स्वयंपाकघरात लिंबू सांडलं की तिच्यावर डाग पडतो तो यामुळेच. रसायन बरोबर, पण अंग अगदी घट्ट.

आपल्याला हवं काय? चुनखडीचं अंग आणि आत खेळती भोकं, दोन्ही एकत्र. चुनखडी ओळखायला दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी. एक सावधगिरी: काळ्या पाषाणाच्या भोकांत कधी कधी पांढरे खडे असतात आणि तेही फसफसतात. म्हणून थेंब दगडाच्या अंगावर टाका. भोकं पाहायला कोरड्या दगडावर पाणी ओता. पाणी चटकन आत शिरलं आणि दगड मिनिटभर बारीक बुडबुडे सोडत राहिला तर तो आपला. हातात घेतल्यावर तो आकाराच्या मानाने हलका लागला पाहिजे. तांबूस डाग, धातूच्या चमकत्या रेषा किंवा तेलाचा वास असेल तर सोडून द्या.

बाजारात ड्राय रॉक नावाने कोरडा दगड मिळतो. तो खाणीतला आहे की प्रवाळाचा हे विचारून घ्या. सिरॅमिकचे आणि सिमेंटचे तयार तुकडेही येतात. ते बिनघोर घ्यावेत. किती घ्यायचा? जुना हिशोब गॅलनला एक पौंड, म्हणजे शंभर लिटरला साधारण १२ किलो. दगड खरोखर सच्छिद्र असेल तर ८ ते १० किलोही पुरतो. टाकी दगडांनी गच्च भरली की पाणी फिरत नाही आणि मागे घाण साचते.

घरी ओतलेला दगड

मी आता स्वतःच ओततो. एक भाग पांढरं सिमेंट, आणि शिंपल्यांची भरड व खडेमीठ मिळून चार-पाच भाग. शिंपल्यांची भरड कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळते. अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून ती कोंबड्यांना घालतात. पाणी बेतानेच, लाडू वळता येईल इतकं. ओल्या वाळूत खड्डा करून त्यात हे मिश्रण सैलसर टाकायचं, दाबायचं नाही. दोन-तीन दिवसांनी दगड निघाला की साध्या पाण्यात बुडवायचा. मीठ विरघळतं आणि जिथे खडा होता तिथे भोक उरतं.

पुढची पायरी मात्र टाळायची नाही. ओल्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो. असा दगड थेट टाकीत गेला तर मासे वाचणार नाहीत. चार ते आठ आठवडे तो पाण्यात ठेवायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. बदललेल्या पाण्याचा पीएच दिवसभरानंतरही ८.५ च्या खाली राहिला की दगड मुरला. हात घालताना रबरी हातमोजे घाला, सिमेंटचं पाणी कातडी खातं.

पिंपातले सहा आठवडे

दगड विकतचा असो की घरचा, आधी ब्रशने घासून गोड्या पाण्यात काही दिवस भिजवायचा. कुणाच्या जुन्या टाकीतला असेल तर भोकांत मेलेलं काहीबाही असतं, त्यासाठी बिनवासाच्या ब्लीचच्या पाण्यात मोकळ्या हवेत बुडवून, भरपूर धुऊन, कडक उन्हात वाळवायचा. ब्लीच आणि ॲसिड चुकूनही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. ॲसिडने दगड धुण्याचे उपाय सांगणारे बरेच भेटतात. घरात लहान मुलं असताना मी तो मार्ग कधी धरला नाही आणि त्यावाचून अडलंही नाही.

मग मोठं प्लॅस्टिकचं पिंप घ्या, खाद्यपदार्थाचं, औषध किंवा खताचं नव्हे. पाणी आरओचं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. त्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मिळणारं तयार सॉल्ट, लिटरला ३५ ग्रॅमच्या थोडं वर, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायच्या छोट्या यंत्रावर, घनता १.०२५ आली की बास. खडेमीठ का नको? मिठागरात समुद्राचं पाणी आटतं तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं. आपल्या हाती येतं ते बहुतांशी नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं. ते खडेमिठातून येत नाही.

पिंपात पाणी फिरवणारा पंप लावा, वर झाकण ठेवा म्हणजे अंधार राहील आणि शेवाळ धरणार नाही. तापमान २५-२६ अंश बरं. डिसेंबरात हीटर लागतो. एप्रिल-मेमध्ये उलट पाण्यावर पंखा सोडावा लागतो.

आता जिवाणूंना जेवण. काही जण कोळंबीचा तुकडा टाकतात. त्याने काम होतं, पण घरभर वास सुटतो. मी नवसागर वापरतो, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला भांड्यात टाकतो तोच पदार्थ, पण तो बाजारी नको, प्रयोगशाळेच्या दुकानातला शुद्ध घ्यायचा. शंभर लिटर पाण्यात साधारण ०.६ ग्रॅम टाकला की लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. सोनाराकडच्यासारखा छोटा काटा असेल तर उत्तम.

आणि विरजण? कुणाच्या निरोगी टाकीतला छोटा नांदता तुकडा, किंवा बाटलीतले जिवाणू. विरजण नसलं तरी दगड हळूहळू लागतो, दिवस मात्र जास्त जातात. टेस्ट किटने दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट तपासून वहीत लिहायचं. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. एक दिवस लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत दोन्ही आकडे शून्यावर येतात. तो दिवस आला की बरंचसं पाणी बदलायचं आणि एक, फार तर दोन मासे सोडायचे.

विरजणाबरोबर किडे आले तर?

येऊ शकतात. एप्टेशिया नावाचं काचेसारखं तपकिरी फूल दिसायला गोड, पण तो डंख मारणारा प्राणी आहे आणि टाकी भरून टाकतो. कापून काढायला गेलं तर तुकड्यांतून पुन्हा उगवतो. केसाळ किडे बहुतेक उपयोगी असतात, उरलंसुरलं खातात. फक्त त्यांचे केस बोटात घुसतात, म्हणून हातमोजे. रात्री टाकीतून टक टक आवाज आला तर मँटिस श्रिंपचा, म्हणजे ठोसे मारून शिकार करणाऱ्या कोळंबीसारख्या प्राण्याचा, संशय घ्यावा.

हे सगळं टाळण्यासाठी दगड उकळावा असं काहींना वाटतं. कृपा करून उकळू नका. पॅलिथोआ जातीच्या समुद्री जिवांत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. दगडावर ते जीव असतील तर वाफेबरोबर ते विष हवेत येतं, आणि अशा वाफेने घरातली माणसं आजारी पडल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. शंका असलेला दगड वेगळ्या पिंपात महिनाभर पाहायचा, एवढा साधा उपाय आहे.

लाईट गेली तर?

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आम्ही गावभागात, दुसऱ्या मजल्यावर. पाणी वर आलं नाही, पण लाईट गेली ती आलीच नाही. बॅटरीचा एअर पंप एक रात्र चालला. दुसऱ्या दिवशी मी मगाने पाणी वरून ओतत बसलो. खाली बोटी फिरत होत्या, माणसं छपरांवर होती, आणि हे करताना मला फार अवघडल्यासारखं झालं. मग ते सोडून आम्ही खालच्या आजींना वर आणलं.

चौथ्या दिवशी टाकीला सडक्या अंड्यांचा वास यायला लागला. दगडाच्या बाहेरच्या थरातले जिवाणूही प्राणवायूवर जगतात. पाणी थांबलं तसे ते मेले, आणि जो दगड विष खात होता तोच विष सोडू लागला. दोन्ही मासे गेले. दगड हातात घेतला तर पांढरा दगड खालून काळा पडलेला होता, आणि बोटांचा वास साबणाने दोन दिवस गेला नाही.

तेव्हापासून तीन गोष्टी करतो. पंपापुरता छोटा इन्व्हर्टर ठेवला आहे. टाकीत मासे कमी ठेवतो, म्हणजे प्राणवायू जास्त वेळ पुरतो. आणि गच्चीतल्या खोलीतल्या पिंपात दोन दगड कायम मुरत ठेवलेले असतात. त्यातल्या एकावर, माझ्याच हाताने ओतलेल्या सिमेंटवर, मागच्या महिन्यात तिळाएवढा गुलाबी ठिपका दिसला. ते कॅल्शियम घेऊन वाढणारं शेवाळ आहे, विरजणाच्या तुकड्यावरून आलेलं. म्हणून मी आता त्या पिंपावर रोज थोडा वेळ दिवा लावतो.

भाच्याने साताऱ्यात साठ लिटरची टाकी मांडली आहे. त्याच्या पिंपात तीन सिमेंटचे दगड मुरताहेत आणि रोज संध्याकाळी पीएचचा आकडा मला पाठवतो. काल ८.४ होता. मे महिन्यात तो येईल तेव्हा हा गुलाबी ठिपक्याचा दगड खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्यात घालून त्याच्याबरोबर द्यायचा आहे. तीन तासांचा रस्ता आहे. तेवढा वेळ दगड ओला राहिला की पुरे.